छपराचे पाणी : छोट्या टाकीची मोठी उलाढाल

पावसाळा तोंडावर आला की आपल्या बाजारपेठांत ताडपत्र्या, प्लॅस्टिकचे कापड आणि डांबराचे डबे यांची मागणी वाढते. पावसाचे पाणी घरात, दुकानात किंवा कारखान्यात शिरू नये म्हणून आपण दरवर्षी न चुकता खर्च करतो. तेच पाणी टाकीत घ्यावे म्हणून खर्च करणारा मात्र विरळाच. पुढे मार्च उजाडतो, नळ लांबतो आणि टँकरवाल्याच्या मागे फिरण्याची वेळ येते. जे पाणी जुलैत आपल्याच छपरावरून गटारात गेले, तेच एप्रिलमध्ये आपण पैसे मोजून विकत घेतो. व्यापारी माणसाला हा व्यवहार शोभणारा नाही.

लातूरचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. देशभर त्याची चर्चा झाली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मराठवाड्यात एवढा पाऊस कोसळला की नद्यांना पूर आले आणि मांजरा धरण भरले. उन्हाळ्यात ज्या घरांसमोर घागरींच्या रांगा होत्या, त्याच घरांच्या पागोळ्या रात्रंदिवस वाहत होत्या. पाऊस आपल्या वेळेला येतो आणि गरज आपल्या वेळेला लागते. या दोन वेळांमध्ये जो साठवण करतो, तोच निभावतो. धान्याचा व्यापारी हे पिढ्यान् पिढ्या करत आला आहे.

छपराच्या पाण्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, परंतु त्याचा हिशोब क्वचितच मांडला जातो. या पानाचे वाचक दुकानदार, कारागीर आणि लहान कारखानदार आहेत. त्यांच्यासाठी आम्ही येथे हाच हिशोब मांडत आहोत.

छपरावर किती पाणी पडते?

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १ लिटर पाणी मिळते. आपले मोजमाप फुटांत असते म्हणून असे धरावे की, १०० चौरस फूट छपरावर १ मिलिमीटर पावसाने सुमारे ९.३ लिटर पाणी पडते.

समजा, घराचे छप्पर २० फूट बाय २५ फूट, म्हणजे ५०० चौरस फूट आहे. मालेगाव-सोलापूरकडे वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या छपरावर हंगामात सुमारे २३ हजार लिटर पाणी पडेल. काही पाणी उडून जाते, काही वाफ होते आणि काही पहिल्या धुण्यात सोडून द्यावे लागते. म्हणून शंभरात ८० धरावे. हाती येणारे पाणी सुमारे १८ हजार लिटर. लातूर, औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर हाच आकडा २६ हजारांवर जातो. भिवंडीत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे याच छपराचे ७४ हजार लिटर होतात.

हे आकडे वाचून काही जण लगेच म्हणतील की, मग १८ हजार लिटरची टाकीच बांधावी. येथेच पहिली चूक होते.

टाकी मोठी की छोटी?

दुकानदाराला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. नफा माल किती भरला यावर ठरत नाही, माल किती वेळा फिरला यावर ठरतो. दहा हजारांचा माल वर्षात दहा वेळा फिरवणारा दुकानदार एक लाखाचा माल कोंडून बसणाऱ्यापेक्षा सुखी असतो. टाकीचेही असेच आहे.

आपल्या ५०० चौरस फुटांच्या छपरावर २७ मिलिमीटरची एक चांगली सर आली की १,००० लिटरची टाकी भरते. सहा माणसांच्या घरात कपडे, भांडी, संडास आणि फरशी यांसाठी रोज २५० लिटर पाणी लागते असे धरू. टाकी चार दिवसांत रिकामी होते आणि पुढच्या सरीसाठी तयार राहते. अशा रीतीने ५०० मिलिमीटरच्या हंगामात ही छोटी टाकी आठ-दहा वेळा भरते आणि आठ ते दहा हजार लिटर पाणी देऊन जाते. मोठ्या पावसात जे वाहून गेले, ते गेले.

आता त्याच घरात ५,००० लिटरची टाकी बसवली, तर काय होईल? छप्पर तेवढेच आहे. ते फारतर १८ हजार लिटर देणार. म्हणजे पहिल्या हजार लिटरच्या टाकीने आठ-दहा हजार लिटर दिले आणि पुढच्या चार हजार लिटरच्या जागेने मिळून साधारण तेवढेच दिले. पहिल्या एक लिटर जागेमागे आठ-दहा लिटर, तर नंतरच्या एक लिटरमागे जेमतेम दोन-सव्वादोन लिटर.

यावरून आमचे स्पष्ट मत असे की, हात आखडता असेल त्याने छोट्या टाकीपासून सुरुवात करावी आणि ते पाणी पावसाळ्यातच रोज वापरावे. भरलेली टाकी पाहून समाधान मानणारा पुढच्या सरीचे पाणी गमावतो.

कोणाला परवडते आणि कोणाला नाही?

भाव गावोगाव वेगळे असतात. म्हणून पुढील दर केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या मोहल्ल्याचे दर घालून पाहावे.

पहिले घर : जमिनीत हौद आधीच आहे. जेथे नळ चार-आठ दिवसांनी येतो, तेथे बहुतेक घरांना असा हौद असतो. या घराला टाकीचा खर्चच नाही. पन्हळ, पाइप आणि गाळणीचे पिंप मिळून समजा ५,००० रुपये लागले. हौद ५,००० लिटरचा असेल, तर हंगामात १७ हजार लिटरपर्यंत पाणी मिळू शकते. ५,००० लिटरचा टँकर १,००० रुपयांना धरला, तर लिटरला २० पैसे पडतात. बचत झाली ३,४०० रुपये. म्हणजे दोन पावसाळ्यांच्या आत पैसे वसूल.

दुसरे घर : हौद नाही, १,००० लिटरची टाकी नवी घ्यावी लागते. टाकी, ओटा, पन्हळ आणि पाइप मिळून समजा १२,००० रुपये झाले. नऊ हजार लिटर पाण्याचे टँकरच्या दराने १,८०० रुपये होतात. पैसे फिटायला सहा-सात वर्षे लागतील. व्यवहार तोट्याचा नाही, परंतु संथ आहे.

तिसरे घर : पावसाळ्यात रोज भरपूर नळ येतो आणि पाणीपट्टी ठराविक आहे. या घराला पावसाळ्यात वापरलेल्या छपराच्या पाण्याने पैशांची बचत होणार नाही, हे आम्ही उघडपणे सांगतो. त्याने उन्हाळ्यासाठी साठवण करायची असेल तरच खर्च करावा किंवा पाणी शोषखड्ड्यात सोडून जमिनीला द्यावे.

पहिली दोन घरेही पावसाळ्यात पाणी विकत घेत असतील किंवा कूपनलिकेच्या मोटारीवर वीज जाळत असतील, तरच हा हिशोब पूर्ण लागू पडतो, हे ध्यानात ठेवावे.

उन्हाळ्यासाठी पिण्याचा साठा

कोंडून ठेवलेला माल नेहमीच तोट्याचा नसतो. टंचाईच्या वेळी ज्याचा भाव चढतो, तो माल राखून ठेवणे शहाणपणाचे आहे. पिण्याचे पाणी हा असा माल आहे.

सहा माणसांना पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज ३० लिटर पाणी पुरते. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांचे ३,६०० लिटर होतात. टँकरच्या भावाने त्याची किंमत किरकोळ आहे. पण पिण्याचे पाणी आपण टँकरच्या भावाने घेतोच कोठे? ते २० लिटरच्या जारने घेतो. १२० दिवसांचे १८० जार झाले. जार ३० रुपयांना धरला, तर ५,४०० रुपये. पाणी उकळण्याच्या गॅसचा खर्च वजा केला, तरी हातात चांगली रक्कम उरते. ही बचत दर उन्हाळ्याला होते.

त्यासाठी ५ फूट रुंद, ६ फूट लांब आणि ५ फूट खोल टाकी पुरेशी आहे. तिच्यात सुमारे ४,२०० लिटर पाणी राहते. हा साठा रोजच्या वापराच्या टाकीपासून वेगळा ठेवावा. जून-जुलैच्या पावसाने छप्पर धुऊन निघाल्यावर, ऑगस्टमध्ये ही टाकी भरून घ्यावी आणि सप्टेंबरच्या पावसाने काठोकाठ करावी. परतीच्या पावसाच्या भरवशावर ती रिकामी ठेवू नये. दुष्काळी वर्षी तोच पाऊस दगा देतो.

ही काही नवी युक्ती नाही. अहमदाबादच्या जुन्या शहरात पोळांमधल्या अनेक घरांच्या चौकाखाली अशा टाक्या बांधलेल्या आहेत. त्यांना तेथे टांका म्हणतात. छपराचे पाणी नळीने टांक्यात उतरते, आतून चुन्याचा गिलावा असतो आणि वर झाकण. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडून देण्याची तेथे जुनी रीत आहे. हे शहर व्यापाऱ्यांचे आणि कारागिरांचे. २०१७ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा शहर म्हणून जाहीर केले. आपल्या मुंबईतील कान्हेरी लेण्यांतही भिक्षूंच्या निवासाजवळ पावसाचे पाणी साठवणाऱ्या टाक्या खडकात कोरलेल्या आहेत. आपल्या डोंगरी किल्ल्यांवरही अशी टाकी आहेत. नळ आले आणि आपण हे हुन्नर विसरलो.

काम कसे करावे?

छप्पर : लोखंडी पत्रा, सिमेंटचा स्लॅब आणि कौले ही तिन्ही चालतात. पत्र्यावरून सर्वात जास्त पाणी मिळते. मे महिन्यात छप्पर झाडून घ्यावे. कबुतरांची वस्ती असेल, तर ती आधी हलवावी.

पन्हळ : पत्र्याच्या खालच्या काठाला अर्धगोल पन्हळ लावावी. ६ इंची पीव्हीसी पाइप मधोमध उभा चिरला, तरी चांगली पन्हळ होते. दर तीन फुटांवर क्लॅम्प द्यावा. दहा फुटांना एक इंच एवढा उतार टाकीच्या बाजूने ठेवावा. पन्हळ पत्र्याच्या काठापासून दूर लागली, तर जोराच्या सरीत पाणी उडी मारून बाहेर पडते. पुष्कळ ठिकाणी काम याच कारणाने वाया जाते.

पाइप : ५०० चौरस फूट छपराला ४ इंची पाइप पुरतो. पैसे वाचवण्यासाठी २ इंची पाइप टाकू नये. तो पाला अडकून तुंबतो.

पहिले पाणी : उभ्या पाइपला टी जोडून एक तोंड बाहेर आणि एक टाकीकडे ठेवावे, दोन्हींवर व्हॉल्व्ह बसवावा. जूनचे पहिले दोन पाऊस पूर्ण बाहेर सोडावेत. नंतरही बरीच उघडीप पडून पाऊस आला, तर पहिला १ मिलिमीटर, म्हणजे आपल्या छपराचे सुमारे ५० लिटर, बाहेर जाऊ द्यावे. धूळ, विष्ठा आणि काजळी याच पाण्यात असते.

गाळणी : २०० लिटरच्या प्लॅस्टिक पिंपात खाली मोठी खडी, वर बारीक खडी आणि त्यावर धुतलेली जाड वाळू भरावी. तोंडाला नायलॉनची जाळी बांधावी. दर पावसाळ्यापूर्वी वाळू धुऊन घ्यावी.

जादा पाणी : टाकी भरल्यावर पाणी कोठे जाईल, हे आधी ठरवावे. ते शेजाऱ्याच्या भिंतीवर पडले, तर पाण्याची बचत आणि शेजारधर्म दोन्ही बुडतील. त्यासाठी शोषखड्डा सर्वात चांगला.

हे विसरू नका

सिमेंटच्या जुन्या अॅस्बेस्टॉस पत्र्यांवरचे पाणी पिण्यासाठी घेऊ नये. शिशाचा रंग किंवा ताजे डांबर लावलेल्या छपराचेही घेऊ नये. ज्या भागात सायझिंगच्या किंवा प्लॅस्टिक वितळवण्याच्या धुराड्यांची काजळी बसते, तेथील पाणी धुण्यापुरतेच ठेवावे. स्वच्छ छपराचे पाणीसुद्धा उकळून किंवा चांगल्या फिल्टरमधूनच प्यावे.

टाकीवर घट्ट झाकण हवे. हवेच्या आणि जादा पाण्याच्या तोंडांना बारीक जाळी हवी. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो. उघडी टाकी ठेवून वाचवलेले पैसे दवाखान्यात जातील.

१,००० लिटर पाण्याचे वजन १ टन, म्हणजे १० क्विंटल भरते. जुन्या माळवदावर, लाकडी तुळयांवर किंवा पत्र्याच्या शेडच्या भिंतीवर टाकी ठेवू नये. जमिनीवर पक्का ओटा बांधून तेथे ठेवावी. छपराच्या पाण्याचा पाइप नगरपालिकेच्या नळाला कधीही जोडू नये.

धंद्यात उपयोग

अनेक गावांत कूपनलिकेचे पाणी जड असते. साबण फेसाळत नाही, भांड्यांवर पांढरे डाग पडतात, गिझर आणि बॉयलरमध्ये खर साचते. पावसाचे पाणी हलके असते. लाँड्री, कपडे रंगवण्याचा लहान कारखाना, हॉटेल आणि गाड्या धुण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना याचा अनुभव लगेच येईल. साबण कमी लागतो आणि काही रंग जड पाण्यापेक्षा हलक्या पाण्यात सारखे चढतात. मात्र बॅटरीत हे पाणी घालू नये. तेथे शुद्ध केलेलेच पाणी लागते.

मोहल्ल्यातील सर्वात मोठा स्लॅब बहुधा मशिदीचा, मदरशाचा किंवा शादीखान्याचा असतो. ३,००० चौरस फूट स्लॅबवर ५०० मिलिमीटर पावसात हाती येणारे पाणी सुमारे १ लाख १० हजार लिटर होते. वुजू आणि स्वच्छतागृहांसाठी रोज पाणी लागते, म्हणून तेथे टाकीची उलाढालही जलद होते. विश्वस्त मंडळींनी हा हिशोब एकदा करून पाहावा.

कारागिरांसाठी संधी

या कामाला फार शिक्षण लागत नाही, पण हात बसलेला लागतो. पत्र्याचे काम करणारे, प्लंबर, वेल्डर आणि गवंडी हे सारे आपल्या मोहल्ल्यांत आहेत. ते वेगवेगळे फिरतात, म्हणून ग्राहकाला चार ठिकाणी जावे लागते. तिघा-चौघांनी मिळून छप्पर मोजणे, पन्हळ, पाइप, गाळणी आणि ओटा असे एकत्र काम एका दरात घेतले, तर एप्रिल आणि मे हे महिने कामाचे जातील. दर मे महिन्यात साफसफाईचे वार्षिक काम वेगळे मिळेल.

मोठ्या टाकीसाठी फेरोसिमेंटचे काम शिकण्यासारखे आहे. लोखंडी जाळीवर सिमेंट-वाळूचा जाड थर दोन्ही बाजूंनी दाबून भरतात. भिंत इंच-सव्वा इंच जाडीची होते आणि विटांच्या बांधकामापेक्षा सामान कमी लागते. ओले गोणपाट गुंडाळून दोन आठवडे पाणी मारणे यातच सारी मजबुती आहे. घाई केली की टाकी गळते.

कायद्यानेही हे काम वाढवले आहे. तमिळनाडूने २००३ मध्ये इमारतींना पावसाचे पाणी जिरवण्याची व साठवण्याची व्यवस्था सक्तीची केली. मुंबईत २००२ मध्ये १,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना ही अट लागू झाली आणि २००७ मध्ये ती ३०० चौरस मीटरपर्यंत खाली आणली गेली. काही नगरपालिका मालमत्ता करात सवलतही देतात. आपल्या गावचा नियम कार्यालयात विचारून घ्यावा. बांधकाम ठेकेदाराला या कामाचा जाणकार माणूस लागतोच. तो आपल्यातला का असू नये?

कारागीर बांधवांना एकच सांगणे आहे. ग्राहकाला वर्षभराचे पाणी मिळेल असे सांगून टाकी विकू नका. छपराचा आकार, गावचा पाऊस आणि घरातला वापर कागदावर लिहून दाखवा. ज्याला परवडत नाही, त्याला तसे स्पष्ट सांगा. असा माणूस स्वतः काम देणार नाही, पण दहा घरी तुमचे नाव सांगेल.

वाचकांनी येत्या जुम्मापर्यंत एवढेच करावे. फीत घेऊन आपले छप्पर मोजावे, पावसाचे पाणी कोणत्या कोपऱ्यातून खाली येते ते पाहावे आणि घरात आधीच असलेला हौद किती लिटरचा आहे याचा हिशोब करावा. हौद असेल, तर पहिल्या पावसाआधी फक्त पन्हळ आणि पाइप लावून घ्यावा. टाकीचा विचार पुढच्या वर्षी केला तरी चालेल.